अक्षत हलली

"दोन-दोन घरचं खाते, आणि पाठ बघा, कंगव्यासारखी! जातं कुठं सगळं? का पोटात भाडेकरू ठेवलेत बाईसाहेबांनी?"

सकीनाभाभी आपल्याशीच पुटपुटत होत्या. पण दोन बाल्कन्यांच्या मधे आडोशाला नुसता एक पत्रा, आणि पत्र्याच्या अलीकडे मंदाकिनी ओला टॉवेल हातात धरून उभी. टॉवेल झटकायला वर नेलेला हात तिने तसाच खाली आणला. झटकला असता तर आवाज झाला असता, आवाज झाला असता तर पलीकडून "मंदाताई का?" आलं असतं, आणि मग काहीतरी बोलावं लागलं असतं. एरवी ती स्वतःहून पत्र्यावर टकटक करून बोलत असे. आज तिला सकीनाभाभींच्या सावलीचीसुद्धा भीती वाटत होती.

कारण भाडेकरू आहेत, हे तिला सकाळपासून ठाऊक होतं.

हडपसरच्या त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दोघींची घरं शेजारी-शेजारी. सकीनाभाभी ब्लाउज शिवायच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक सासरी. मंदाकिनी आणि श्रीधरपंत सहा वर्षांपूर्वी इथे राहायला आले, वीज मंडळातून श्रीधरपंतांनी स्वेच्छानिवृत्ती घ्यायच्या जरा आधी. मांजर त्याच सुमाराला आलं. कुठून आलं ते कुणालाच माहीत नाही. पत्र्याखालच्या फटीतून इकडून तिकडे जायला लागलं आणि दोन घरांचं एक मांजर झालं. इकडे तिचं नाव मैना, तिकडे बेगम. सकाळी मैना होऊन दूधभात खायचा आणि मंदाकिनीच्या जुन्या गोधडीवर ताणून द्यायची. दुपारी बेगम होऊन पलीकडे जायचं.

पलीकडे जाऊन ती काय खाते, याला मंदाकिनीच्या घरात एक शब्द होता. 'तिकडचं'. "आज दूध नको म्हणतेय, तिकडचं खाऊन आली असेल." "तोंड पूस तिचं, तिकडचं आहे." मटण हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे. मनात तेढ होती असं नाही हं. उलट, आम्ही तसले नाही, याचा मंदाकिनीला थोडा अभिमानच होता. ईदचा शीरखुर्मा ती वाटी चाटूनपुसून संपवायची, दिवाळीला पहिलं ताट पलीकडे जायचं. कोथरूडच्या जावेला ती मुद्दाम सांगायची, "आमच्या शेजारी सकीनाभाभी आहेत, बहिणीसारख्या." मात्र एक शब्द तेवढा जिभेवर येत नसे. आता बहिणीच्या घरातल्या जेवणाला कुणी 'तिकडचं' म्हणतं का, हा प्रश्न तिने स्वतःला कधी विचारला नव्हता.

तर सकाळची गोष्ट.

मैनेला देवघरासमोरचं लोकरीचं आसन फार आवडायचं. मंदाकिनी पूजेला बसायच्या आधी ती तिथे एक डुलकी काढून जायची. चारपाच दिवसांपासून आसनावर तांदळाचे दोनचार दाणे दिसत होते. पांढरे, बारीक, वाळलेले. मंदाकिनीला वाटलं, अक्षता सांडल्यात, कुंकू झडून गेलंय. अक्षत पायाखाली येऊ नये असं लहानपणापासून अंगात मुरलेलं. तिने त्या चिमटीने उचलल्या, कपाळाला लावल्या आणि कुंकवाच्या वाटीत परत टाकल्या. एकदा नव्हे, रोज.

आज मंगळवारी तसाच एक दाणा तिने उचलला. वाटी हाताशी नव्हती, म्हणून थेट बाळकृष्णाच्या मस्तकावर ठेवला. हात जोडले. डोळे उघडले तर अक्षत हलली.

ती लांब झाली, मग आखूड झाली, आणि बाळकृष्णाच्या कपाळावरून नाकाकडे निघाली.

मंदाकिनीच्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते ती पुढे कुणालाही सांगणार नव्हती. तिला वाटलं, चमत्कार झाला. इतक्या वर्षांची पूजा, आणि आज देवाने आपली अक्षत चालवून दाखवली. तिच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

"अहो, इकडे या! अहो, अक्षत हलतेय!"

श्रीधरपंत पेपर घेऊनच आले. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, वाकले, बराच वेळ बघितलं.

"देव प्रसन्न झालाय," ते म्हणाले, "किंवा तांदळाला कीड लागलीय. मला दुसऱ्याची शक्यता जास्त वाटते."

"तांदळातली कीड अशी नसते. ती काळी असते."

दोघांची नजर एकदमच आसनावर गेली. मैना तिथे पाय वर करून स्वतःला चाटत होती. शेपटीच्या मुळाशी, केसांत, असेच दोन दाणे चिकटलेले होते.

मग श्रीधरपंतांनी हात हळूच डोक्यावर नेला. रविवारी त्यांची साठी झाली होती. पाटावर बसवून, सुपारी-अंगठी फिरवून, मंदाकिनीने औक्षण केलं होतं आणि मूठभर अक्षता डोक्यावर टाकल्या होत्या.

"रविवारी... हीच वाटी होती का?"

"नाही," मंदाकिनी म्हणाली. "ती वेगळी होती."

ते तडक न्हाणीघरात गेले. त्या दिवशी त्यांनी तीनदा डोकं धुतलं.

बाळकृष्णाला तिने उकळत्या पाण्यात घातलं, आणि "माफ कर रे बाबा" म्हणत चिंचेने घासून काढलं. वाटीतल्या अक्षता कागदात बांधल्या. मग मोबाइलवर शोधलं, 'मांजराच्या शेपटीजवळ तांदळासारखे'. उत्तर आलं. पट्टकृमी, म्हणजे जंत. त्या जंताचे तुकडे सुटून बाहेर पडतात, ताजे असले तर वळवळतात, वाळले की तांदळासारखे किंवा तिळासारखे दिसतात. खाणं भरपूर पण अंगाला लागत नाही, केसांची तकाकी जाते. सगळं मैनेचंच वर्णन होतं. तिने मोबाइल पालथा घातला, जणू कुणी मागून वाचत होतं.

आता सरळ बाब होती. पत्र्यावर टकटक करायची आणि सांगायचं, "भाभी, मैनेला जंत झालेत." मागच्या गल्लीत जनावरांचे डॉक्टर होते, त्यांच्याकडचं मांजराचं कार्ड सकीनाभाभींकडेच असायचं, बेगम या नावाचं. दोघींनी टोपलीत घालून न्यायचं, झालं.

पण दुपारी जेवताना श्रीधरपंत म्हणाले, "आपल्याकडे तर दूधभातच खाते. मग हे... म्हणजे तिकडचं काही..."

"हळू बोला," मंदाकिनी म्हणाली. "पत्रा पातळ आहे."

तिने त्यांना गप्प केलं, पण तो विचार काही त्यांनी तिच्या डोक्यात घातलेला नव्हता. तो तिथे सकाळपासून पाट मांडून बसला होता. जंत झालेत असं सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, कशाने झाले? आणि त्यावर आपण गप्प बसलो तरी आपलं तोंड बोलेल. भाभी शिवणकाम करणाऱ्या, एक दोऱ्याचा फरक त्यांना लांबून दिसतो. आपल्या तोंडावरचं दिसणार नाही?

म्हणून झाकली मूठ झाकलीच ठेवायची, गुपचूप औषध द्यायचं आणि मोकळं व्हायचं, असं तिने ठरवलं. बुधवारी संध्याकाळी ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेली. काउंटरवर श्याम होता, वर्षानुवर्षं तिच्या बीपीच्या गोळ्या देणारा.

"बोला काकू."

"जंतांचं औषध दे."

"कुणासाठी?"

जिभेवर 'मांजर' आलं होतं. मागे सोसायटीतल्या दोघीजणी उभ्या होत्या. "भाचीच्या मुलाला," ती म्हणाली. "आलाय राहायला. रात्री दात खातो."

"ही घ्या. अख्खी बाटली एकदम द्यायची. चव गोड आहे, पोरं कुरकुर करत नाहीत."

घरी येऊन मंदाकिनीने हिशोब केला. मूल केवढं, मांजर केवढं. मग अर्धी पुरे. मैनेला टॉवेलमध्ये गुंडाळून ड्रॉपरने अर्धी बाटली तिने गालफडातून आत सोडली. गोड चव मैनेला काही पटली नाही, तिने तोंडाला फेस आणला आणि मंदाकिनीच्या मनगटावर चार रेघा ओढल्या. मंदाकिनीला त्या रेघांचं बरंच वाटलं. काहीतरी शिक्षा झाली. उरलेली बाटली तिने पर्समध्येच ठेवली, कारण कचरा ओला-सुका वेगळा करणारी बाई प्रत्येक बाटलीचं नाव वाचते आणि खालच्या मजल्यापर्यंत पोचवते.

गुरुवारी दुपारी पत्र्यावर दोन्ही हातांनी धडधड झाली.

"मंदाताई! अहो, या लवकर! बेगम बघा कशी करतेय!"

सकीनाभाभींच्या शिलाई मशीनखाली, रंगीत चिंध्यांच्या ढिगावर मांजर पडलं होतं. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. उठायला गेली की मागचे पाय वेगळ्या दिशेला जायचे, आणि ती दारुड्यासारखी कलंडायची. दोनदा उलटी झाली होती.

"सकाळी बरी होती हो," सकीनाभाभी म्हणत होत्या. "सकाळी अगदी बरी होती."

मनगटावरच्या रेघा मंदाकिनीने पदराखाली घेतल्या.

डॉक्टरांचं नाव बजरंग. वडिलांच्या म्हशी होत्या तेव्हा हडपसर गाव होतं. म्हशी गेल्या, गोठ्याच्या जागेवर दवाखाना झाला. शिकून आले तरी बोलणं गोठ्यातलंच राहिलं होतं. त्यांनी मांजराला टेबलावर घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली, हिरड्या दाबून बघितल्या.

"काय गेलंय हिच्या पोटात?"

"तुमचीच गोळी, डॉक्टर," सकीनाभाभी म्हणाल्या. "तीन दिवस तोंड उघडत नव्हती, आज सकाळी दिली. तुम्ही वजन करून दिली होतीत तेवढीच."

मंदाकिनी चमकली. "कसली गोळी?"

सकीनाभाभींनी तिच्याकडे पाहिलं नाही. टोपलीचं झाकण बोटांनी चाचपत म्हणाल्या, "ताकदीची."

"ताकदीची?" डॉक्टर बजरंग म्हणाले. "अवो भाभी, जंताची गोळी दिली न्हवं मी? सोमवारी तुम्हीच आणली हिला. कागदात तांदळासारखं घेऊन आलता."

सकीनाभाभींचे कान लाल झाले. मंदाकिनीला आत कुठेतरी चटका बसला. म्हणजे त्यांनाही आधीपासून ठाऊक होतं! त्यांनीही लपवलं. का लपवलं असेल, हे विचारायची गरज नव्हती. एका पातळ पत्र्याच्या दोन बाजूंना दोघी एकाच मांजराची लाज वेगवेगळी झाकत बसल्या होत्या.

"माझ्या गोळीनं असं होत न्हाई," डॉक्टर म्हणाले. "तोलून दिलेली हाय. आणखी कायतरी गेलंय. सोसायटीत उंदराचं औषध टाकतात का?"

"टाकतात," सकीनाभाभी म्हणाल्या. "खाली, गाड्या लावतात तिथे."

"मग तेच खाल्लं आसंल असं धरून चालू. दुसरं कायच पोटात गेलं न्हाई, नक्की?"

"नक्की. माझ्याकडे तरी नाही. आणि मंदाताईंकडे नुसता दूधभात."

किती सहज म्हणाल्या. मंदाताईंकडे नुसता दूधभात.

डॉक्टर कपाटाकडे वळले. काचेच्या दारामागे छोट्या छोट्या बाटल्या होत्या. त्यातली एक त्यांनी काढली, सुईचं पाकीट फोडलं. मैनेने, की बेगमेने, टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकली होती आणि ती अर्ध्या उघड्या डोळ्यांनी मंदाकिनीकडे बघत होती. त्या नजरेत तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

'उंदराचं औषधही खाल्लं असेल,' मंदाकिनीचं मन म्हणालं. 'कुणी सांगावं. डॉक्टरांना कळतं.' आणि दुसऱ्या बाजूने तेच मन म्हणालं, 'तू तिला सुईने मारणार आहेस आता, तुझ्या शिष्टपणाच्या सुईने.'

तिने पर्स उघडली. चेन अडकली, नेहमीच अडकायची. ओढून काढली आणि अर्धी बाटली टेबलावर ठेवली.

"हे मी दिलं," ती म्हणाली. "काल संध्याकाळी. अर्धं."

डॉक्टरांनी बाटली उचलून लांब धरून वाचली. "ही तर लेकरांची हाय."

"हो."

"वजन केलतं?"

"नाही. अंदाजाने."

"अंदाजानं! च्यात साखर टाकायची हाय का बाई, अंदाजानं? तीन किलोचं जनावर हाय हे. माणसाचं औषध, त्यात अर्धी बाटली, त्यावर सकाळी माझी गोळी. पोटात लग्नाची पंगत बसवली तुम्ही." त्यांनी हातातली सुई परत ठेवली आणि दुसरी घेतली. "सांगितलं ते बरं केलं. मी भलत्याच वाटेनं निघालो हुतो. आता सलाईन लावू, उलटीचं इंजेक्शन देऊ. दोन-तीन दिवसांनी रक्त तपासायला आणायची. ह्या औषधानं रक्त कमी व्हायची भीती आसती. वाचंल असं वाटतंय. पण चुकवू नका."

सकीनाभाभी त्या बाटलीकडे बघत होत्या.

सलाईन लागल्यावर डॉक्टरांनी मांजराच्या मानेवरचे केस उलटे फिरवले. तळाशी मिरपुडीसारखे काळे कण दिसले. त्यांनी ओल्या कापसाने ते टिपले, तर कापसावर तांबूस डाग उमटले.

"ह्ये बघा. पिसवांची घाण. रक्त पिऊन टाकत्यात. चाटताना मांजर पिसू गिळतं, आणि पिसूच्या पोटातनं हा जंत मांजराच्या पोटात जातो. तुम्ही शंभर गोळ्या द्या, पिसवा हायत तंवर परत होणार. कच्चं मटण देता का?"

"नाही," सकीनाभाभी म्हणाल्या. हा शब्द त्यांनी जरा घाईने उच्चारला. "उकडूनच देते. हाडं काढून."

"मग त्याचा काय संबंध न्हाई. उंदीर मारती का?"

"पाल सोडून काही मारत नाही."

"झोपती कुठं?"

मंदाकिनी म्हणाली, "माझ्याकडे. गोधडीवर."

"गोधडी कधी धुतली शेवटची?"

तिने आठवून पाहिलं. ती गोधडी तिच्या आईच्या लुगड्यांची. विरेल म्हणून तिने ती वर्षभरात पाण्याला दाखवली नव्हती. रोज सकाळी झटकायची तेवढी, आणि पुन्हा घडी घालून बाल्कनीत, मैनेसाठी.

"गरम पाण्यात भिजवा, कडक उन्हात टाका. लोकरीचं आसनबिसन आसंल तर तेबी. फरशीच्या फटी झाडून काढा, पिसवांची अंडी तिथंच आसत्यात. मानेवर टाकायचं पिसवांचं औषध देतो, मांजराचंच, कुत्र्याचं आणून घालू नका, मरंल. आणि जंताची गोळी तीन महिन्यांनी, वजन करून. दोघींनी मिळून एकच द्यायची." त्यांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "कार्डावर लिहीत जावा. कार्ड एक, मांजर एक."

"कार्डावर नाव बेगम आहे," सकीनाभाभी म्हणाल्या, उगाचच.

"नाव कायबी आसू द्या. जंतांना नाव वाचता येत न्हाई."

सलाईन संपायला तास लागणार होता. बाहेर पत्र्याच्या छपराखाली एक बाक होतं, तिथे दोघी बसल्या. मधे रिकामी टोपली. रस्त्यावर बसला गर्दी होती, भाजीच्या टेंपोतून कोथिंबिरीचा वास येऊन गेला. सकीनाभाभींच्या ओढणीला एक निळा दोरा चिकटला होता. एरवी मंदाकिनीने तो हात लांबवून काढला असता. आज तिचा हात पदराखालून निघेना.

गोधडी माझी, पिसवा माझ्या, औषध माझं, तिच्या मनात हे फिरत राहिलं. आणि मी दोष घातला तो कुणावर? बोलले नाही म्हणून काय झालं. तीन दिवस मी मनातल्या मनात त्यांच्या पातेल्यावरचं झाकण उचलून वास घेत होते.

आतून बारीक, चिडका आवाज आला. डॉक्टर म्हणत होते, "ए, चावती का? चाव, चाव. चावण्याइतकी ताकद आली म्हणजे बरंच हाय."

दोघी एकदम उठल्या, दारातून डोकावल्या, पुन्हा येऊन बसल्या. सकीनाभाभींनी डोळे ओढणीने टिपले.

"मला विचारून दिलं असतंत," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. ब्लाउज उसवताना एकेक टाका सोडवावा तसं त्या बोलत होत्या. "मी गोळी आणलीच होती. तुम्ही विचारलं असतंत, तर दुसरं औषध द्यावंच लागलं नसतं."

"तुम्हीही सांगितलं नाहीत."

"मला भीती वाटली."

"कसली?"

सकीनाभाभी रस्त्याकडे बघत राहिल्या. "तुम्हाला ठाऊक आहे कसली."

एक रिक्षा समोर थांबली, दोघीही नको म्हणून हात हलवेपर्यंत थांबून निघून गेली.

"मला लाज वाटली," मंदाकिनी म्हणाली. "मेडिकलमध्ये भाचीच्या पोराचं नाव सांगितलं. देवाच्या डोक्यावर ते... अक्षत म्हणून... यांच्याही डोक्यावर..." तिने एका दमात सगळं सांगून टाकलं, आसन, वाटी, औक्षण, तीनदा धुतलेलं डोकं. सकीनाभाभींनी तोंडावर ओढणी धरली. त्यांचे खांदे हलत होते. क्षणभर मंदाकिनीला वाटलं, झालं, हसल्या, आता सुटले.

पण सकीनाभाभींनी ओढणी खाली घेतली तेव्हा हसू अर्ध्यावर थांबलेलं होतं.

"ती लाज निराळी, मंदाताई. देवाची लाज आपण देवाला सांगतो. मला विचारायला कसली लाज वाटली?"

"असंच."

"पत्रा पातळ आहे," सकीनाभाभी हळूच म्हणाल्या. "सहा वर्षं मी ऐकते. 'तोंड पूस तिचं.'"

सहा वर्षं. सहा दिवाळ्यांची ताटं, सहा ईदच्या वाट्या, आणि पत्र्याच्या पलीकडे मशीन थांबवून बसलेली ही बाई. आता उठून आत जाता आलं असतं. मांजर कसं आहे ते बघायला जाता आलं असतं. कुणी अडवलं नसतं, आणि सकीनाभाभींनी पुन्हा कधी विषयही काढला नसता.

तिने मनगट पदराबाहेर काढलं. हात लांबवून ओढणीवरचा निळा दोरा चिमटीत धरला, आणि तो तसाच धरून, खाली बघत ती म्हणाली,

"मला वाटलं, तुमच्या घरच्या मटणाने झालं. म्हणून मी तुम्हाला विचारलं नाही, भाभी."